‘गेट टुगेदर’ बसवताय? या चुका टाळा

‘तीन-चार कॉर्डचं तर गाणं, एका बैठकीत बसेल’ असं म्हणून यंगब्लड्स या साठच्या दशकातल्या अमेरिकन बँडचं ‘गेट टुगेदर’ हातात घेतलं की हमखास फसायला होतं. आम्ही फसलो. गिटार लावलेली, गाणारी सुरात, तरी कडवं कानाला खुपायचं.

घोळ निघाला पेटीच्या काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा. गाणं ए मध्ये, म्हणजे सा पांढरी सहा. कडवं ए आणि जी या दोन कॉर्डवरच झुलत राहतं. जी म्हणजे कोमल निषाद, पांढरी पाच. आमचा पेटीवाला सवयीने सगळे स्वर शुद्ध धरून काळी चार, म्हणजे शुद्ध निषाद, दाबत होता. शेजारी गिटारवर जी. दोन्ही निषाद एकाच वेळी वाजल्यावर दुसरं काय होणार! पण घाबरून शुद्ध निषादाला पार हद्दपारही करू नका. धृपदात डीनंतर ई कॉर्ड येते, तिच्या पोटात तोच आहे. कडव्यात कोमल, धृपदात ईवर शुद्ध. दोन्ही निषाद असलेला खमाज राग वाजवणाऱ्या माणसाला हे एकदा सांगितलं की पुरतं.

पट्टी खाली वाटली तर गिटारच्या तिसऱ्या घरात कॅपो (तारा दाबून धरून पट्टी चढवणारा चिमटा) लावता येतो. मात्र गिटारवाला तोंडाने ‘ए, जी’च म्हणत राहतो आणि पेटी जुन्याच जागी वाजते. आता सा पांढरी एक, कोमल निषाद काळी पाच. कागदावर लिहून पेटीवर चिकटवा, लाज नको.

पहिल्या ओळीपासून सगळ्यांनी तुटून पडू नये. यंगब्लड्सच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा गायक जेसी कॉलिन यंग कडवी अगदी बोलल्यासारखी गातो. बाकीच्यांचे आवाज धृपदासाठी राखून ठेवा. शांततेचं गाणं म्हणून लय रडकी करायचीही गरज नाही.

यूट्यूबवर टाकताना ‘गीत-संगीत : यंगब्लड्स’ लिहू नका. त्यांचंही कव्हरच! गाणं चेट पॉवर्सचं, म्हणजे डिनो व्हॅलेंटीचं; माणूस एकच, नावं दोन. किंग्स्टन ट्रिओने ते १९६४ मध्येच गायलं होतं, जेफरसन एअरप्लेनने १९६६ मध्ये. सालावरूनही वाद घालत बसू नका. यंगब्लड्सची तबकडी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ६२ व्या क्रमांकापर्यंतच गेली. पुढे बंधुभावाच्या एका जाहिरातीत गाणं वाजलं, १९६९ मध्ये तीच तबकडी पुन्हा बाजारात आली आणि पाचव्या क्रमांकावर पोचली.