नॉर्दर्न लाइट्सची खासगी सहल: काचेच्या इग्लूचे पैसे भरण्याआधी या चुका टाळा

ओळखीतल्या एका जोडप्याने मध्यंतरी फोन केला. “मुलांना मे महिन्याची सुट्टी आहे, बजेटची काळजी नाही, नॉर्दर्न लाइट्स दाखवायचे आहेत. हॉटेल कुठलं घेऊ?” मी म्हटलं, कुठलंही घ्या, दिसणार काहीच नाही. नॉर्वेतल्या ट्रोम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. त्याच्या आधीही, एप्रिल संपत आला की तिथल्या रात्रीला काळोख उरत नाही. अरोरा, म्हणजे हेच नॉर्दर्न लाइट्स, वर आकाशात असतो, पण उजेडात दिसणार कसा?

हंगाम धरायचा तो सप्टेंबर ते मार्चअखेर. म्हणजे आपल्या दोन मोठ्या सुट्ट्यांपैकी दिवाळीची चालते, मे महिन्याची नाही. मला विचाराल तर मुलांच्या शाळेला एक आठवडा दांडी मारा आणि फेब्रुवारीचा मध्य ते मार्च यांतला काळ धरा. समुद्रापासून दूर, आतल्या भागात हवा कोरडी असते, बर्फ भरपूर असतो आणि दिवसाही फिरता येतं. नाताळात फिनलंडच्या रोवानिएमीला जाणं टाळा. सांताक्लॉजचं गाव म्हणून निम्मी दुनिया तिथे लोटलेली असते आणि पैसेही तसेच मोजावे लागतात. डिसेंबरमध्ये या सगळ्या भागात चोवीस तास काळोख असतो, हा मात्र गैरसमज आहे. ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, तरी दुपारच्या सुमारास आकाश काही तास निळं-गुलाबी होतं. वेदांतल्या लांबलेल्या उषेवरून टिळकांनी आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात शोधलं होतं. तर्क पटो न पटो, ती उषा तिथे खरंच लांबते.

सगळ्यात महाग चूक

ही आम्ही स्वतः केली. मी, बायको, आई-बाबा आणि आत्या असे पाच जण होतो. सहल आखताना पहिलं काय बुक केलं असेल, तर फिनलंडच्या उत्तर टोकाच्या लॅपलंडमधले काचेचे इग्लू. उबदार पलंगावर आडवं पडून छतातून हिरवं आकाश पाहायचं, हा फोटो सगळ्यांनीच पाहिलेला असतो. दोन रात्री राहिलो. पहिल्या रात्री बर्फ पडत होता. काच तापवलेली असते, त्यामुळे बर्फ वितळून ओघळत राहतो आणि आपण पावसात बसच्या खिडकीतून बाहेर पाहावं तसं पाहतो. दुसऱ्या रात्री पाऊण वाजता, अरोरा दिसतोय हे सांगणारा रिसॉर्टचा अलार्म वाजला. बाहेर यावं तर शेजारच्या इग्लूंचे दिवे आणि वाटेवरचे कंदील डोळ्यांत. आत्याच्या बुटांची नाडी बांधून होईपर्यंत पाइनच्या झाडांमागे जे काय होतं ते विझलं होतं.

इग्लू वाईट नसतो, पण तो एका जागी असतो आणि ढग त्याच्याच डोक्यावर येऊन बसले तर तुम्ही काहीही करू शकत नाही. त्या दोन रात्रींच्या भाड्यात आम्हाला ड्रायव्हर-गाइडसह गाडी आणखी काही रात्री मिळाली असती. खासगी सहलीत पैसे मोजायचे ते ढगांपासून पळून जाण्यासाठी आणि ऐनवेळी बेत बदलता यावा म्हणून. इग्लूची हौस असेलच तर एक रात्र घ्या, तीही शेवटची. तोवर अरोरा दिसून गेलेला असला तर काचेखाली शांत झोपता येतं. स्वीडनमधल्या युकास्यार्वीच्या बर्फाच्या हॉटेलचंही तेच. आत तापमान उणे ५ ते ८ असतं. एका रात्रीची गंमत, दुसऱ्या रात्री शिक्षा.

तीन देश, सात रात्री

ट्रॅव्हल कंपनीचा आराखडा बहुतेक वेळा असा येतो: दोन रात्री आइसलँड, दोन ट्रोम्सो, दोन लॅपलंड, एक हेलसिंकी. कागदावर भरगच्च दिसतो, पण प्रत्येक मुक्काम बदलताना एक संध्याकाळ विमानतळावर जाते. अरोरा पाहायला हातात हव्यात काळोख्या, मोकळ्या रात्री. एका भागात किमान चार, जमल्यास पाच-सहा. दोन ठिकाणं घ्यायचीच असतील तर हवामान वेगळं असलेली घ्या. ट्रोम्सो समुद्रकाठी असल्याने ढगाळ, तर स्वीडनचं आबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत. टोर्नेट्रेस्क तलावावर आकाश वरचेवर मोकळं होतं, म्हणून तिथले लोक त्याला ‘निळं भोक’ म्हणतात. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जसा फरक, तसाच हा.

‘जितकं उत्तरेला तितकं चांगलं’ हेही खरं नाही. अरोरा चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारखा पडतो, ध्रुवाच्या डोक्यावर नाही. ट्रोम्सो, आबिस्को, फिनलंडचं इवालो ही गावं त्या कड्याखाली येतात. नॉर्वेच्याही उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयिअरब्येन ७८ अंशांवर आहे आणि पुष्कळ रात्री ते कड्याच्या आत, म्हणजे उत्तरेला पडतं. ध्रुवीय अस्वलांचा देश म्हणून तिथे जरूर जा, अरोरासाठी तिथे जायची गरज नाही.

‘आज केपी दोनच आहे, झोपूया’

सगळ्यांच्या फोनवर अरोराचं अॅप असतं आणि सगळे केपी नावाच्या आकड्याकडे बघत बसतात. केपी हा सगळ्या पृथ्वीचा तीन तासांचा सरासरी आकडा आहे, ० ते ९. अरोरा दक्षिणेकडे किती खाली उतरू शकेल, याचा तो अंदाज. मे २०२४ च्या सौर वादळात तो ९ वर गेला आणि लडाखमधल्या हान्लेहून क्षितिजावर लाल झाक टिपली गेली. पण तुम्ही कड्याच्या थेट खाली उभे असाल तर केपी १ किंवा २ असतानाही डोक्यावर अरोरा नाचू शकतो. ट्रोम्सोत केपी दोन म्हणून झोपणं म्हणजे पुण्यात मुंबईचा पाऊस बघून छत्री ठरवणं.

बघायचा तो ढगांचा नकाशा. नॉर्वेत ‘यर’ हे तिथल्या हवामान खात्याचं संकेतस्थळ वापरतात. आइसलँडच्या हवामान खात्याच्या अरोरा नकाशावर पांढरा भाग म्हणजे मोकळं आकाश आणि हिरवा म्हणजे ढग. आपली माणसं हमखास उलटं समजतात, हिरव्याकडे गाडी वळवतात आणि पावसात उभी राहतात.

एक महिना आधी कुणी सांगितलं की अमुक तारखेला नक्की दिसेल, तर तो विकतोय असं समजा. अरोरा उठतो तो सूर्यावरून सुटणाऱ्या कणांच्या झोतामुळे, म्हणजे सौरवाऱ्यामुळे. सूर्य स्वतःभोवती फिरून साधारण २७ दिवसांनी तोच भाग आपल्याकडे करतो, एवढा ढोबळ अंदाज बांधता येतो. भरवशाची सूचना मिळते ती साधारण तासभर आधी. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसलेले उपग्रह सौरवारा मोजतात आणि तो इथे पोहोचायला तेवढाच वेळ लागतो. ‘सौर कमाल (सूर्य सगळ्यांत खळबळीत असतो तो काळ) संपत आली, यंदा नाही तर थेट अकरा वर्षांनी’ हीही विक्रीची भाषा. कमालीत अरोरा खाली दक्षिणेपर्यंत येतो हे बरोबर. पण कड्याखालच्या गावांना तो किमान काळातही दिसतो.

गाइडला विचारायचे प्रश्न

‘प्रायव्हेट टूर’ म्हटलं की काळी मोठी गाडी, कातडी सीट, शॅम्पेन. यातलं काहीच विचारू नका. विचारा की रात्री किती किलोमीटरपर्यंत जाल? गरज पडली तर सरहद्द ओलांडून फिनलंडमध्ये न्याल का? किती तास? आकाश साफ नसेल तर आजची रात्र परवावर ढकलता येईल का, की पैसे गेले? टायर खिळ्यांचे आहेत ना? आणि वयस्कर माणसं असतील तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: वाटेत स्वच्छतागृह कुठे? आम्ही हा प्रश्न विचारला नव्हता. उणे १८ मध्ये आईला त्याचं उत्तर शोधावं लागलं, तपशील देत नाही.

स्वतः गाडी भाड्याने घेऊन हिंडणं हा खासगी सहलीचा प्रकार नव्हे. रस्त्यावरचा पारदर्शक बर्फ दिसत नाही, रेनडिअर दिवे बघूनही हटत नाहीत आणि आकाशाकडे बघत गाडी चालवणारा माणूस तर सगळ्यांत धोकादायक.

ट्रोम्सोतल्या दुसऱ्या रात्री गावावर गच्च ढग होते. गाइडने नकाशा पाहिला आणि ई-८ रस्त्याने आत निघाला, स्किबोटनच्या दिशेने. शंभर किलोमीटरच्या पुढे गेल्यावर चांदणं दिसायला लागलं. एका वळणावर गाडी लावून त्याने सगळे दिवे मालवले. डोंगरावर फिकट राखाडी पट्टा होता. बाबा म्हणाले, “ढगच आहे हा. आलो काय, गेलो काय.” गाइडने तिपाईवर फोन लावून तीन सेकंदांचा फोटो काढला आणि स्क्रीन बाबांपुढे धरली. तोच पट्टा, पोपटी.

हे घरूनच माहीत असलेलं बरं. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. त्यामुळे मंद अरोरा धुरासारखा दिसतो आणि लोक ‘काही नव्हतं’ म्हणून गाडीत जाऊन बसतात. अर्धा तास फोनची स्क्रीन बंद ठेवा, डोळे काळोखाला सरावू द्या. त्या रात्री वीसेक मिनिटांनी पट्टा हलायला लागला, मग पडद्यासारखा सुटा झाला आणि खालची कड क्षणभर गुलाबी झाली. तो हिरवा ऑक्सिजनचा, साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा, आणि कडेचा गुलाबी नायट्रोजनचा. हे सगळं मला पाठ होतं, पण बोलायचं सुचलं नाही. आत्याने हातमोज्यांसकट हात जोडले होते.

ट्रोम्सोचं तापमान बघून बॅग भरणं

समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोत फेब्रुवारीतही सरासरी उणे ४ च्या आसपास असतं. ते बघून माणूस म्हणतो, मनालीएवढंच की. पण अरोरा शोधत तुम्ही जाता आतल्या खोऱ्यात, आणि तिथे उणे २० सहज. तिथे चालत नाही आहात, दोन-दोन तास उभे आहात, हेही लक्षात घ्या. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवा, घाम धरतात आणि गार पडतात. अंगालगत मेरिनो लोकर हवी. बूट एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. चांगले गाइड वरचा सूट आणि बूट देतात, मापं आधी कळवा.

फोन ४० टक्क्यांवरून थेट बंद पडला तर घाबरू नका, बॅटरी गारठली आहे. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, परत चालू होतो. कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी बाहेरच पिशवीत घट्ट बांधा, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं.

कागद आणि डबा

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात रात्री जास्त त्या देशाकडे करायचा, समसमान असतील तर जिथे पहिलं उतराल तिथे. शेवटच्या आठवड्यात मुक्काम बदलून हे गणित बिघडवू नका. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. घरात सत्तरीचं माणूस असेल तर वयाची अट आधी वाचा. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी बघून घ्या. पॅकेजवर टीसीएस (कंपनी आपल्याकडून आगाऊ गोळा करते तो कर) कापला जातो तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण भरताना खिशातूनच जातो, तेव्हा बजेटमध्ये धरा.

बाहेरून युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाची बरणी नाही. मेतकूट, चटण्या, भाजणी चालते. आणि शक्यतो हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या, कारण रात्री तीनला परतल्यावर तिथे काहीही उघडं नसतं.

शेवटची चूक सकाळची. आम्ही रोज नऊला काही ना काही ठरवलं होतं: कुत्र्यांची गाडी, रेनडिअर, फियॉर्डची बोट. पहाटे झोपलेल्या माणसांना नऊला उठवायचं म्हणजे बोटीत घोरणाऱ्या बाबांचे फोटो काढणं. एक फेरी चुकली, पैसे गेले. मग बारा वाजण्याआधीचं सगळं रद्द केलं. दुपारी साडेबाराला आत्याने केबिनमध्ये थालीपिठं लावली, धूर ओळखणारा अलार्म दोनदा वाजला, आणि तूप विमानतळावरच सोडावं लागल्यामुळे वर लोणी आलं ते नॉर्वेचं.