कुंडीतल्या खताला वास येतोय? या चुका टाळा

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला उत्साहाने घेतलेली कुंडी साधारण तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. झाकण उघडलं की भपकारा येतो, कडेने अळ्या चढत असतात, घरातलं कोणीतरी म्हणतं, "आधी हे बाहेर काढ." मग सगळं घंटागाडीत जातं आणि कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात पडून राहते. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं खताचं काम मी काही वर्षं बघतेय. शेजारपाजारच्या काकू-ताईंनी बोलावून दाखवलेल्या अशा कितीतरी कुंड्या मी हाताने उपसल्या आहेत. बहुतेक ठिकाणी दुखणं एकच निघतं: पाणी जास्त आणि पाला कमी.

ओला म्हणजे भिजलेला नव्हे

चूक सिंकपाशी सुरू होते. भाजीची साल, कोथिंबिरीचे देठ, चहाचा चोथा, ताटातली उरलेली आमटी, सगळं एकाच डब्यात आणि वर भांड्याचं पाणी. भाजीपाल्यात मुळातच तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. त्यात हे वरचं पाणी आलं की कुंडीत हवा शिरायला जागाच राहत नाही. कचरा कुजवून खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. ती मिळाली नाही की बिनहवेचे जिवाणू जोर धरतात आणि घाण वास सुटतो.

उपाय अगदी साधा आहे. सिंकच्या कडेला भोकाभोकांची एक चाळण ठेवा आणि साली रात्रभर निथळू द्या. चोथा गाळण्यातच दाबून घ्या. कलिंगडाच्या दिवसांत तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. ओल किती हवी ते मुठीने ओळखायचं. कुंडीतलं मिश्रण मुठीत घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून जेमतेम एखाद-दुसरा थेंब आला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला, तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त झालंय. गोळा भुसभुशीत फुटला आणि कुंडीत मुंग्या दिसत असतील, तर उलट पाणी शिंपडायची गरज आहे.

पाला न घालणं: सगळ्यात महाग पडणारी चूक

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि कर्ब (कार्बन) कमी असतो. वाळक्या पाल्यात बरोबर याच्या उलट. खत नीट व्हायला एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. वजनमापं करत बसू नका. एक वाटी साली टाकल्या की एक वाटी चुरलेला वाळका पाला वर पसरायचा, एवढं पुरतं. पाला दोन कामं करतो: जादा ओल शोषतो आणि मध्ये पोकळी ठेवतो. शेवटचा थर कायम पाल्याचा हवा. वरून साल उघडी दिसली की चिलटं आलीच.

वासावरूनही दुखणं कळतं. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर नत्र जास्त झालंय, पाला वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कोंडलीय. अशा वेळी नुसता पाला वर टाकून भागत नाही. सगळं मिश्रण घमेल्यात ओता, गुठळ्या हाताने फोडा, दुप्पट पाला मिसळा आणि तासभर उघडं ठेवून मग पुन्हा भरा. तळाची भोकं बुजली आहेत का तेही बघा. दोन-तीन दिवसांत वास उतरतो. नवीन कचरा तोवर टाकू नका.

आता, पाला आणायचा कुठून? हा प्रश्न मला दर जूनमध्ये विचारतात आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये याच सोसायट्यांच्या फाटकाशी पाल्याचे ढीग पेटलेले मी बघितलेले असतात. पाला जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे. नियम बाजूला ठेवला तरी, त्या धुराने शेजारच्या दमेकरी आजोबांना खिडक्या लावून बसावं लागतं आणि पावसाळ्यात खताच्या खड्ड्याला जे नेमकं हवं असतं तेच राख झालेलं असतं. झाडणाऱ्या मावशींशी बोला, पाला रिकाम्या गोणपाटात दाबून भरायला सांगा आणि जिन्याखाली कोरड्या जागी ठेवा. पर्जन्यवृक्षाची किंवा गुलमोहराची बारीक पानं असतील तर चुरायचीही गरज नसते. पिंपळाची, आंब्याची पानं मात्र पायाने तुडवून घ्या. पाला अगदीच नसेल तर कोकोपीट म्हणजे नारळाच्या शेंडीचा भुगा किंवा बिनरंगाच्या लाकडाचा भुसा चालतो.

अळ्या दिसल्या की औषध मारणं

हे कृपा करून करू नका. कुंडीत वळवळणाऱ्या जाडसर, करड्या-तपकिरी अळ्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ती माशी चावत नाही, जेवणावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. त्या फार वाढल्या याचा अर्थ कुंडीत ओल आणि शिजलेलं अन्न जास्त आहे. पाला घाला, ढवळा, त्या आपोआप कमी होतील. औषधाने अळ्यांबरोबर खत करणारे जीवही मरतात. पांढऱ्या बुरशीलाही घाबरू नका, ती कामाची आहे.

कुजणं सुरू व्हावं म्हणून घालायच्या विरजणाचंही तसंच. आंबट ताक चार चमचे पुरे. लवकर व्हावं म्हणून तांब्याभर ताक आणि गूळ ओतला की पुन्हा तोच चिखल.

काय टाकू नये

आंब्याच्या कोयी, करवंट्या, हाडं यांना घरच्या कुंडीत फार वेळ लागतो. त्या वेगळ्या द्या. मक्याची कणसं, शेवग्याचे चोथे, फणसाच्या चारखंडाचे मोठे तुकडे बारीक करून टाका. फळांवरचे स्टिकर आधी काढा. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा! तो पूर्ण कापून वेगळा करू नका, पिशवीलाच लटकू द्या. तो चिमुकला तुकडा भंगारात वेचता येत नाही. तो सालींबरोबर कुंडीत येतो आणि वर्षाने खत चाळताना जसाच्या तसा हाताला लागतो.

सोसायटीने केलेल्या चुका

पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ चे घनकचरा नियम सांगत होते. मग सर्वसाधारण सभेत यंत्र घ्यायचं ठरतं. चोवीस तासांत खत देणारी बरीच यंत्रं कचरा तापवून फक्त वाळवतात. तो भुगा खतासारखा दिसतो, पण झाडाला घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतो आणि मुळांना इजा होते. आमच्या आवारातली तुळस आम्ही अशीच घालवली. यंत्र असेल तर असू द्या, पण त्यातला भुगा पाल्याबरोबर महिनाभर मुरवा.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. डायपर आणि पॅड ओल्या डब्यात टाकले जातात. तो डबा उघडणारी, हाताने वेगळं करणारी बाई आपल्याच दारात येत असते. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आली. इतकी वर्षं त्या सांगत आल्यात की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. एक पेन बाथरूममध्ये ठेवलं की झालं.

आणि आपण न जिरवलेलं जातं कुठे, तर उरुळी देवाची आणि फुरसुंगी इथल्या पुण्याच्या कचरा डेपोत वर्षानुवर्षं गेलं. तिथल्या गावकऱ्यांनी विहिरी खराब झाल्या म्हणून कितीदा गाड्या अडवल्या.

घाईने खत काढणं

दोन-अडीच महिन्यांनी खत गडद, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. साल ओळखू येत असेल तर अजून थांबा. झालं की सावलीत पसरून दोन दिवस वाळवा आणि गव्हाच्या चाळणीने चाळा. खाली पडेल ते कुंड्यांना. वर उरलेल्या काड्या, अर्धवट देठं आणि गुठळ्या टाकू नका; त्या नव्या कुंडीच्या तळाशी ओंजळभर पसरा. विरजण तेच, ताकाची गरज उरत नाही.