हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यास काय करावे

दात घासून चूळ थुंकताना बेसिनमध्ये लालसर झाक दिसली, की बहुतेक जण त्या जागी ब्रश लावायचे टाळू लागतात, किंवा लावलाच तर वरवर फिरवतात. हे स्वाभाविक असले, तरी दुखणे वाढते ते त्यामुळेच, कारण जी जागा सर्वांत आधी स्वच्छ व्हायला हवी तीच अस्वच्छ राहते. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशच्या स्पर्शाने रक्त येत नाही. येत असेल, तर ती हिरडी बहुधा आधीपासूनच सुजलेली आहे आणि ब्रशमुळे ती सूज केवळ उघडकीस आली आहे, असे समजावे.

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा एक चिकट, जवळजवळ रंगहीन थर बसू लागतो. त्याला प्लाक म्हणतात. हा थर हिरडीच्या कडेशी साचून राहिला, की त्यातील जिवाणूंशी लढण्यासाठी शरीर त्या भागाकडे जास्त रक्त पाठवते, तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात आणि दाताला टेकलेले हिरडीचे आतले अस्तर इतके नाजूक होते की जरासा धक्का लागताच त्यातून रक्त झिरपते. डेन्मार्कमधील दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे थांबवायला लावले होते. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून दोन गोष्टी एकदमच कळतात: सूज यायला फार दिवस लागत नाहीत, आणि सुरुवातीच्या टप्प्यात ती पूर्णपणे बरी होते.

उपचाराची सुरुवात आरशासमोर करावी. ओठ बाजूला ओढून, चांगल्या उजेडात हिरडीची कड पाहावी. निरोगी हिरडी घट्ट असते, तिची कड पातळ असते आणि दोन दातांच्या मधला भाग टोकदार दिसतो. सुजलेली हिरडी लाल, चकचकीत आणि गोलसर दिसते. रंगद्रव्यामुळे अनेकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी किंवा काळसर असतात आणि तो आजार नव्हे. अशांनी रंगापेक्षा आकाराकडे व फुगवट्याकडे लक्ष द्यावे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेने चाचपून पाहिल्यास पुष्कळदा खडबडीत, पिवळसर थर जाणवतो. हे कीटण, म्हणजे लाळेतील क्षारांमुळे कडक झालेला प्लाक. लाळेच्या ग्रंथी जवळ असल्यामुळे या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते लवकर साठते. कीटण कोणत्याही ब्रशने निघत नाही, आणि ते घरी टोकदार वस्तूने खरवडण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नये.

ब्रश मऊ केसांचाच घ्यावा. मध्यम किंवा कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात हा गैरसमज आहे. त्याने हिरडी मागे सरकते आणि मुळाजवळचा दात झिजतो. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेषेवर, साधारण ४५ अंशांत हिरडीकडे कलते ठेवावेत, म्हणजे त्यांची टोके हिरडीच्या कडेखाली किंचित शिरतात. मग ब्रश जागेवरच ठेवून अगदी छोट्या, थरथरत्या हालचाली कराव्यात आणि शेवटी तो दाताच्या टोकाकडे वळवत न्यावा. एका वेळी दोन-तीन दातांपेक्षा जास्त जागा घेऊ नये. ब्रश मुठीत आवळून धरण्याऐवजी पेनासारखा बोटांत धरल्यास जोर आपोआप कमी होतो. असे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी किमान दोन मिनिटे करावे. रात्रीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. केस वाकडे झाले की ब्रश बदलावा, आणि ते झाले नाहीत तरी तीन महिन्यांनी बदलावाच.

मात्र हिरड्यांची सूज बहुतेक वेळा दोन दातांच्या फटीत सुरू होते आणि तिथे ब्रश पोहोचतच नाही. ही फट दिवसातून एकदा साफ करावी लागते. दात एकमेकांना चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक दोरा, आणि फटी मोठ्या असतील तर त्यात मावेल असा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरावा. फ्लॉस झटक्याने खाली न दाबता पुढेमागे हलवत सावकाश उतरवावा, मग एका दाताला वळसा घालून हिरडीच्या कडेखाली किंचित नेऊन वर ओढावा, आणि तेच शेजारच्या दाताबाबत करावे. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल, पण तेवढ्याने थांबू नये. सूज केवळ प्लाकमुळे असेल, तर एक ते दोन आठवड्यांत रक्त येणे बरेच कमी होते. दोन आठवडे नेटाने स्वच्छता करूनही फरक पडला नाही, तर दंतवैद्याकडे जावे.

गुळण्यांचे स्थान दुय्यम आहे. कोमट पाण्यात मीठ घालून केलेल्या गुळण्यांनी दुखऱ्या हिरडीला आराम मिळतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश प्रभावी असला, तरी दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही बिघडते, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरताच वापरावा, आणि टूथपेस्टमधील घटकांमुळे त्याचा परिणाम कमी होत असल्याने ब्रशनंतर अर्ध्या तासाने वापरावा. कीटण तसेच ठेवून नुसत्या गुळण्या करणे म्हणजे भिंतीची ओल न काढता वरून रंग देणे होय. मनाने प्रतिजैविके घेण्याबाबतही हेच म्हणता येईल.

दंतवैद्य स्केलिंग करून कीटण काढतात. स्केलिंगने दात हलू लागतात किंवा फटी पडतात, ही भीती फार खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेले असते. त्या पोकळीत भरलेले कीटण निघाल्यावर ती दिसू लागते, एवढेच. तपासणीत डॉक्टर एका बारीक मोजपट्टीने दात आणि हिरडी यांमधील खोली मोजतात. ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असणे ठीक असते, त्याहून खोल जागांकडे मात्र लक्ष द्यावे लागते. आजार हाडापर्यंत पोहोचला असेल, ज्याला सर्वसाधारणपणे पायोरिया म्हणतात, तर मुळांची खोलवर सफाई करावी लागते आणि काही वेळा शस्त्रक्रियाही. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. झीज थांबवणे मात्र शक्य असते.

तंबाखूचे सेवन करणाऱ्यांनी रक्त येत नाही यावर विसंबू नये. विशेषतः धूम्रपानाने हिरड्यांतील रक्तप्रवाह कमी होतो आणि आजार वाढत असूनही रक्त फारसे दिसत नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा प्लाकनेही हिरड्या सुजतात, अशा वेळी स्वच्छता सोडू नये आणि दंततपासणी लांबणीवर टाकू नये. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांचा आजार असेल तर साखर आटोक्यात ठेवणे कठीण होते. क जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेनेही रक्त येते, परंतु प्रत्येक रक्तस्रावावर त्याच्या गोळ्या घेत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

काही लक्षणे दिसल्यास दोन आठवडे वाट पाहू नये. काहीही न करता आपोआप रक्त येणे, दाबूनही ते न थांबणे, अंगावर विनाकारण निळे डाग किंवा बारीक लाल ठिपके उठणे, वारंवार नाकातून रक्त येणे, सोबत ताप किंवा असाधारण थकवा असणे, अशा वेळी आधी फिजिशियनना दाखवून रक्ततपासणी करून घ्यावी, कारण प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) कमी होणे, यकृताचे विकार किंवा क्वचित रक्ताचा कर्करोगही यामागे असू शकतो. हिरडीतून पू येणे, दात हलणे किंवा हिरडीवर वेदनादायक, दुर्गंधीयुक्त व्रण पडणे यांसाठी मात्र थेट दंतवैद्याकडे जावे.

दंतवैद्याकडे जाताना सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधांनी रक्तस्राव वाढतो, तर रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन किंवा अपस्मारावरील (फिट्सवरील) फेनिटॉइन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. पण यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये, कारण ते थांबवण्याचा धोका हिरडीच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असल्यास ती गोष्ट स्केलिंगची वेळ ठरवतानाच सांगावी, म्हणजे आधी प्रतिजैविक देण्याची व्यवस्था डॉक्टरांना करता येते.