किगुरुमी सुरू करताय? आधी घामाचा विचार करा

किगुरुमी म्हणजे पूर्ण वेश घालून पात्र साकारायचा जपानी छंद. त्याच्या या प्रकारात ॲनिमे (जपानी कार्टून) पात्राचा अख्खं डोकं झाकणारा मुखवटा असतो आणि खाली हादाताई, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा त्वचेच्या रंगाचा सूट. महागडा मुखवटा मागवण्याआधी नुसता सूट घालून घरात वावरून बघा, तोही डिसेंबर-जानेवारीत. रत्नागिरीच्या मे महिन्यात दहा मिनिटांत पाठीवरून धारा लागतात!

मुखवट्यातून डोळ्यांजवळच्या बारीक फटीतून जेमतेम समोरचं दिसतं. पायाखालची चिऱ्याची पायरी दिसतच नाही. हात धरायला माणूस हवाच. शिमग्यात तोंड झाकलेल्या संकासुरासोबतही खेळे, म्हणजे सोबतचे कलाकार, असतातच की.

उतरवल्यावर मुखवटा आतून पुसून पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर आतल्या फोमला बुरशी धरते.