थ्रीडीतले केस विगसारखे दिसतायत? रंगाच्या या चुका टाळा

केस शिकवणारे व्हिडिओ बहुतेक सोनेरी नाहीतर तांबूस केसांचे असतात. ते बघून शिकलेला माणूस सोलापुरातल्या एखाद्या मेंदी लावणाऱ्या आजोबांचं किंवा तेल लावून वेणी घातलेल्या मुलीचं मॉडेल करायला बसतो. नाक-डोळे जमतात, कातडी जमते, केस मात्र विग ठेवल्यासारखे दिसतात. मग कलर बॉक्स उघडून काळ्याच्या छटा बदलणं सुरू होतं. दुखणं तिथे नसतंच. केसाचा रंग वरून फासलेला नसतो. उजेड केसात शिरतो, आतलं मेलॅनिन, म्हणजे केसातलं रंगद्रव्य, त्यातला काही भाग गिळतं आणि उरलेला बाहेर येतो. आपल्याला दिसतो तो हा उरलेला उजेड.

खालचं सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमधल्या प्रिन्सिपल्ड हेअर शेडरला धरून आहे. शेडर म्हणजे वस्तूवर उजेड पडला की ती कशी दिसेल ते ठरवणारा भाग. अरनॉल्ड या दुसऱ्या रेंडररच्या स्टँडर्ड हेअरमध्ये बटणं थोडी वेगळी असली तरी तत्त्व तेच. ईव्हीवर, म्हणजे ब्लेंडरच्या दुसऱ्या, झटपट इंजिनवर भरवसा ठेवू नका. हा शेडर सायकल्ससाठी बनलाय, तिथे ठरवलेला रंग ईव्हीत तसाच येणार नाही.

फोटोतून रंग उचलणे

शेडर लावला की तो आधी थेट रंग मागतो, आणि हात आपोआप आयड्रॉपरकडे, म्हणजे फोटोतून रंग टिपायच्या हत्याराकडे जातो. फोटोतल्या पिक्सेलमध्ये केसाचा रंग सुटा कुठे असतो? त्यात ऊन आलं, सावली आली, मोबाइलने परस्पर केलेली सफाई आली. चमकेवर टिपलंत तर राखाडी मिळेल, सावलीत टिपलंत तर डांबर. शिवाय त्यावर तुमच्या सीनमधला उजेड पुन्हा पडणार.

त्यापेक्षा शेडर मेलॅनिन कॉन्सन्ट्रेशनवर टाका. इथे दोनच स्लायडर महत्त्वाचे: मेलॅनिन किती आणि त्यातला लालसरपणा किती. केसांत मेलॅनिन दोन जातीचं असतं. युमेलॅनिन काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन पिवळट-लाल. लालसरपणा डीफॉल्ट १ असतो, म्हणजे सगळं फिओमेलॅनिन. अनेकांच्या केसांवर जी अनाकलनीय तांबूस झाक येते तिचं मूळ बऱ्याचदा हेच. आपल्याकडच्या काळ्या केसांसाठी मी लालसरपणा ०.१ ते ०.३ च्या आसपास आणि मेलॅनिन ०.९५ पासून सुरू करतो.

मेलॅनिनचा स्लायडर सरळ रेषेत चालत नाही, हे फार कमी जण लक्षात घेतात. आत लॉगॅरिदमचा हिशेब आहे. ०.८ ला रंगद्रव्याचं प्रमाण साधारण १.६ येतं, ०.९५ ला ३, ०.९९ ला ४.६ आणि १ ला एकदम ९.२. त्यामुळे ०.३ चं ०.४ केलं तर फरक शोधावा लागतो आणि ०.९९ चं १ केलं की केसांतला जीवच जातो. काळे केस म्हणून स्लायडर टोकाला नेऊन ठेवणं ही सगळ्यात सरसकट दिसणारी चूक आहे.

काळ्या केसांना उजेडच न देणे

भर दुपारी सोलापुरात सात रस्ता चौकात सिग्नलला थांबलात तर पुढच्या गाडीवरच्या माणसाच्या डोक्याकडे बघा. मधले केस काळे, त्यावर पांढरी चमक, आणि ऊन समोरून येत असेल तर कडेच्या विरळ केसांतून तपकिरी, कधी तांबूस रेघ. डोकं एकच, केस एकच.

याचं गणित २००३ साली मार्श्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं आणि आजचे बहुतेक केसांचे शेडर त्याच वाटेने जातात. उजेडाचे तीन मार्ग. पहिला केसाच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. तो आत शिरतच नाही, म्हणून त्याला केसाचा रंग लागत नाही. दुसरा केसातून आरपार जातो. कडेची तपकिरी रेघ ती हीच. तिसरा आत शिरून मागच्या भिंतीवर आपटतो आणि पुढून बाहेर पडतो, रंग घेऊन. केसावरचे खवले किंचित कललेले असल्यामुळे पहिली चमक मुळाकडे सरकते आणि तिसरी, रंगीत चमक टोकाकडे. शेडरमधला ऑफसेट २ अंश असतो तो या कलण्यासाठी. तो शून्य केला की दोन्ही चमका एकमेकींवर बसतात आणि केस नायलॉनचे वाटू लागतात.

काळ्या केसांत दुसरा आणि तिसरा मार्ग जवळजवळ गिळला जातो. उरते पहिली चमक, आणि ती दिव्याच्या रंगाची असते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री आकाशपाळण्याखाली उभ्या माणसांचे केस निळे-गुलाबी चमकतात ते यामुळे. तेव्हा राखाडी रिकाम्या वर्ल्डमध्ये एक दिवा टांगून काळे केस खरे दिसतील ही आशा सोडा. परावर्तित व्हायला काही हवं: एचडीआरआय, म्हणजे सगळीकडून उजेड देणारा परिसराचा फोटो लावा, किंवा एक मोठा एरिया लाइट वरून आणि एक मागून. मागचा दिवा नसेल तर कडेची तपकिरी रेघ कुठून येणार? शेडरमध्ये तपकिरी मिसळून ती आणू नका. सावलीतले केसही तपकिरी होतील.

तेलाचे केस करताना रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) एकदम ०.०५ वर नेण्याचा मोह होतो. नेऊ नका, ठिपके चमकायला लागतात. रफनेस थोडाच उतरवा आणि क्लम्पिंग, म्हणजे केसांचे झुपके होणं, वाढवा. तेलाने केस आधी एकमेकांना चिकटतात, चकाकी त्यानंतर. ही बाजू शेडरपेक्षा ग्रूमिंगची, म्हणजे केसांच्या मांडणीची जास्त आहे.

पिकलेल्या डोक्याला राखाडी रंग देणे

इथे थोडं थांबावं लागेल, कारण आपल्याकडचे आजी-आजोबा इथेच बिघडतात. पिकू लागलेलं डोकं दुरून राखाडी दिसतं, पण जवळून बघा: काही केस पांढरे, काही अजून काळे. मेलॅनिन ०.४ वर आणून सगळ्या केसांना एकच मधला रंग दिला तर आजोबा पिकत नाहीत, भुरे होतात. सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, आधीच रंगवलेल्या सुतातून विणलेली असते; पिकलेलं डोकंही असंच एकेका केसातून उभं करायचं.

कर्व्ह्ज इन्फो नोडचं रँडम आउटपुट दर केसाला वेगळा आकडा देतं. ते कलर रॅम्पमध्ये घ्या, रॅम्प कॉन्स्टंट ठेवा, म्हणजे मधल्या छटा येत नाहीत, आणि रॅम्प शेडरच्या मेलॅनिनला जोडा. एका बाजूला मेलॅनिनचा आकडा शून्याजवळ, दुसऱ्या बाजूला ०.९५. मधली खूण सरकवली की वय सरकतं. कानशिलांवर पांढऱ्यांचं प्रमाण जास्त हवं असेल तर डोक्यावर वेट (कुठे किती ते सांगणारा नकाशा) रंगवून ते यात मिसळा. शेडरमधला रँडम कलर वेगळं काम करतो, तो मेलॅनिन केसागणिक थोडंथोडं हलवतो. काळ्या केसांना तो जरूर द्या, पण त्याने केस पिकत नाहीत.

आता मेंदी. मेंदी लावलेलं डोकं सरसकट केशरी करणं चूक. पांढऱ्या केसावर मेंदी भडक चढते आणि काळ्यावर जेमतेम झाक येते. शेडरमधला टिंट, म्हणजे वरून चढवलेला रंग, सुदैवाने असाच वागतो: तो मेलॅनिनच्या शोषणात स्वतःचं शोषण मिळवतो. म्हणून सगळ्या केसांना एकच तांबूस-केशरी टिंट द्या. पांढरे आपोआप पेटतात, काळे काळेच राहतात. यासाठी वेगळा मास्क बनवत बसणारे लोक मी पाहिलेत. वेळ वाया.

मुळं मात्र विसरू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा मेंदी लावून तीन आठवडे झालेल्या डोक्यावर भांगाशी पांढरी रेघ असते. त्याच कर्व्ह्ज इन्फो नोडचं इंटरसेप्ट आउटपुट केसावरची जागा मुळापासून टोकापर्यंत सांगतं, त्याने मुळाजवळ टिंट पांढरा करा. एवढ्याने माणूस ओळखीचा वाटू लागतो.

बाकीच्या, पटकन सुटणाऱ्या गोष्टी

पांढरे केस मळकट दिसत असतील तर रंगाला हात लावण्याआधी लाइट पाथ, म्हणजे उजेड किती वेळा आपटू द्यायचा त्याच्या सेटिंग, बघा. हलक्या केसांत उजेड एका केसातून दुसऱ्यात बराच फिरतो. सायकल्समध्ये ग्लॉसी बाउन्स डीफॉल्ट ४ असतात, ते वाढवा. एकूण आणि ट्रान्समिशन बाउन्सही. आपटून आलेल्या उजेडावरची मर्यादा, म्हणजे क्लॅम्प इनडायरेक्टही जरा वर न्या.

मेलॅनिनसाठी टेक्श्चर (रंगवलेलं चित्र) वापरत असाल तर कलर स्पेस नॉन-कलर हवी. ती एसआरजीबी राहिली तर तुम्ही रंगवलेलं ०.८ शेडरला ०.६ च्या आसपास पोचतं, आणि केस कारणाशिवाय फिके होतात.

केसाची जाडी. खरा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरचा. ब्लेंडरच्या पार्टिकल हेअरची डीफॉल्ट जाडी यापेक्षा कितीतरी जास्त असते. जाड आणि मोजके केस घेतले की मधून टाळू दिसते आणि रंग पट्ट्यापट्ट्यांचा होतो.

ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग स्क्रीनवर कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) डीफॉल्ट एजीएक्स असतो. तो उजळ, भडक रंग मवाळ करतो, त्यामुळे मेंदी फिकी वाटली की लगेच टिंट वाढवू नका. आधी स्टँडर्डवर टाकून बघा. तिथे भडक दिसली तर टिंट ठीक आहे, हवं तर शेवटी लूकमधून कॉन्ट्रास्ट द्या.

आणि रंग ठरवताना डिनॉइजर, म्हणजे रेंडरमधले दाणे पुसणारं साधन, बंद. कमी सॅम्पलवर (पिक्सेलमागे कमी किरणांवर) तो काळे-पांढरे केस एकत्र पुसून तोच भुरा रंग परत आणतो, जो घालवायला एवढा खटाटोप केला. कपाळाजवळचा छोटा चौकोन रेंडर रीजनमध्ये घ्या, म्हणजे तेवढाच भाग रेंडर होईल, सॅम्पल वाढवा आणि रंग तिथे पक्का करा.