क्यूबाचा पेच कसा अभ्यासावा: चार रकाने आणि दोन रंगांची शाई

बाजारातल्या नोट्समध्ये क्यूबाचा पेच चार ओळींत उरकतो. ऑक्टोबर १९६२. रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रे नेली. अमेरिकेने नाकेबंदी केली. रशियाने माघार घेतली. यातली एकही ओळ खोटी नाही, पण ती पाठ करणाऱ्या मुलाला जग त्या आठवड्यात कशातून गेले हे कळत नाही. शेवट आधीच ठाऊक असला की प्रत्येक निर्णय सरळ आणि ठरल्यासारखा वाटू लागतो. मी कऱ्हाडात शाळेत इतिहास शिकवत असे. आता निवृत्तीनंतर स्पर्धा परीक्षेची मुले रविवारी घरी येतात, तेव्हा मी त्यांच्यामागे एकच प्रश्न लावून धरते: त्या दिवशी, त्या तासाला, त्या माणसाला काय माहीत होते? हा प्रश्न धरून अभ्यास कसा करायचा, ते इथे सांगते.

एक मोठा चार्टपेपर उभा धरा. डाव्या कडेला १४ ते २८ ऑक्टोबर या तारखा लिहा. प्रत्येक तारखेला दोन बोटे जागा पुरते, पण २७ तारखेला वीतभर ठेवा. उभे रकाने चार: वॉशिंग्टन, मॉस्को, हवाना, दिल्ली. दिल्ली कशाला, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर पुढे येते. वेळ सगळीकडे वॉशिंग्टनची लिहा. तेव्हा मॉस्को सात तास पुढे होते आणि आपण साडेनऊ तास. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी २२ तारखेला संध्याकाळी सात वाजता टीव्हीवरून क्षेपणास्त्रांची बातमी देशाला सांगितली, तेव्हा आपल्याकडे २३ तारखेची पहाट होती, साडेचार वाजले होते.

आता शाई. त्या दिवशी त्या माणसाला जे माहीत होते ते निळ्या शाईने. जे खरे होते, पण नंतर उघड झाले, ते लाल शाईने, आणि ते उघड झाल्याचे वर्ष शेजारी गोलात. हा गोल कधीही गाळू नका. सगळ्या अभ्यासाचा जीव त्यात आहे.

उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने काढलेल्या फोटोंत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले आणि १६ तारखेला सकाळी ते केनेडींपुढे ठेवले गेले. निळ्या शाईने लिहा: मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे, बेटावर सुमारे १०,००० सोव्हिएत सैनिक असल्याचा अंदाज. शेजारी लाल शाईने: प्रत्यक्षात ४०,००० हून अधिक सैनिक, आणि सोबत रणांगणावर वापरायची लहान अण्वस्त्रेसुद्धा. सैनिकांच्या आकड्याशेजारी गोलात १९८९, अण्वस्त्रांशेजारी १९९२. १९९२ मध्ये हवानातल्या परिषदेत या अण्वस्त्रांचे मॅकनामारांच्या कानावर पडले, म्हणजे संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी हा प्रसंग हाताळल्याला तीस वर्षे झाली होती. पहिल्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये हवाई हल्ल्याकडेच कल होता. त्यामागून बेटावर सैन्य उतरले असते, तर त्याची गाठ कशाशी पडणार होती हे त्या टेबलाभोवतीच्या कोणालाही माहीत नव्हते. निळी आणि लाल ओळ शेजारी दिसली की मुलांच्या तोंडून आपोआप प्रश्न निघतात.

केनेडींनी त्या दिवसांतल्या सल्लागारांसोबतच्या बैठका गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या आज इंटरनेटवर फुकट ऐकता येतात, लिखित संहितेसह. निदान १९ तारखेची ऐका. हवाई दलाचे प्रमुख लेमे अध्यक्षांच्या तोंडावर सांगतात की नाकेबंदी म्हणजे जवळजवळ म्युनिकइतकेच वाईट. हिटलरपुढे नमते घेणाऱ्या १९३८ च्या म्युनिक कराराने त्या पिढीच्या मनावर एवढा पगडा बसवला होता, की समजुतीचा प्रत्येक मार्ग त्यांना शरणागती वाटे.

२७ ऑक्टोबर, शनिवार. या तारखेवर सावकाश काम करा. सकाळी मॉस्को रेडिओवरून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचे दुसरे पत्र आले: तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढा. आदल्या संध्याकाळच्या पत्रात ही अट नव्हती. त्याच दिवशी क्यूबावर यू-२ पाडले गेले आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मरण पावले. वॉशिंग्टनच्या रकान्यात निळ्याने लिहा, मॉस्कोने पाऊल पुढे टाकले असावे. मॉस्कोच्या रकान्यात लाल शाईने लिहा, क्यूबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोच्या परवानगीशिवाय क्षेपणास्त्र सोडले होते. विमान पाडले तर तो तळ उडवायचा असे आधी ठरले होते, तरी केनेडींनी हात आवरला. दुसरे एक यू-२ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. समुद्रात अमेरिकी नौदल बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवर सरावाचे स्फोटक टाकून तिला वर यायला लावत होते. तिच्यात एक अणुटॉर्पेडो होता, हे अमेरिकेला ठाऊक नव्हते. लाल शाई, गोलात २००२. टॉर्पेडो सोडण्याची भाषा झाली आणि पाणबुडीवरचे अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी ते थांबवले, ही हकिगत मुख्यतः पाणबुडीवरच्या ओर्लोव्ह या अधिकाऱ्याच्या सांगण्यावर उभी आहे. म्हणून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घाला. एकाच माणसाच्या आठवणीवर उभ्या असलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे ते घालायचे.

त्याच रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि ज्युपिटर काही महिन्यांत काढू, पण हे गुप्त राहिले पाहिजे, असे सांगितले. एप्रिल १९६३ पर्यंत ती निघालीही. रॉबर्ट यांच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये त्यांचे आठवणींचे पुस्तक आले, तेव्हा त्यातून ही देवाणघेवाण गाळलेली होती. संपादन करणाऱ्या सोरेनसन यांनी १९८९ मध्ये मॉस्कोतल्या परिषदेत ते मान्य केले. म्हणजे कित्येक वर्षे जगाने शिकलेला धडा असा होता, की केनेडी झुकले नाहीत म्हणून जिंकले. मला हा धडा फार घातक वाटतो. गुप्त वचन ठरले त्या छोट्या बैठकीला उपाध्यक्ष जॉन्सन नव्हते, आणि पुढे व्हिएतनामचे युद्ध वाढवण्याचे निर्णय त्यांच्याच हातात आले. गुप्त वचनापासून व्हिएतनामपर्यंतचा हा बाण कागदावर तुटक रेषेने काढा. पुरावा असेल तिथे सलग रेषा, नुसता संशय असेल तिथे तुटक.

हवानाचा रकाना मुले रिकामा सोडतात. तो भरल्याशिवाय कागद मला दाखवू नका, असे मी सांगते. क्यूबाच्या पोटात भीती खरी होती. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने शिकवून पाठवलेले सुमारे १,४०० निर्वासित क्यूबन तिथले नेते कास्त्रो यांची राजवट उलथायला क्यूबाच्या बे ऑफ पिग्ज या किनाऱ्यावर उतरले होते. २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे जाहीर केले, ते कास्त्रोंना मॉस्कोकडून नव्हे, बातम्यांतून कळले. ते संतापले. संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट स्वतः हवानाला गेले, तरी कास्त्रोंनी जमिनीवर तपासणी होऊ दिली नाही. मोठ्यांच्या भांडणात लहान देशाला कोणी विचारत नाही, हे या रकान्यात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे नाही.

आता दिल्ली. २० ऑक्टोबरला पहाटे चीनने आपल्यावर हल्ला केला. केनेडींचे भाषण अजून व्हायचे होते. २४ तारखेला चीनने आपल्या अटींवर तडजोड सुचवली, आणि २५ तारखेला सोव्हिएत पक्षाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्राने चीनच्या बाजूने अग्रलेख लिहिला. मॉस्कोच्या ज्या मैत्रीवर नेहरूंनी भिस्त ठेवली होती ती ऐन वेळी मागे सरली, कारण क्यूबामुळे ख्रुश्चेव्ह यांना पेकिंगची (आजच्या बीजिंगची, म्हणजे चीनची) गरज होती. पेच निवळल्यावर, ५ नोव्हेंबरला, ‘प्रावदा’चा सूर बदलला. इथे सलग बाण काढायला मला संकोच वाटत नाही. खाली नोव्हेंबरासाठी आणखी एक कागद चिकटवा. २० नोव्हेंबरला केनेडींनी नाकेबंदी उठवल्याचे सांगितले आणि २१ ला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. इथे मात्र तुटक रेषा. नुसत्या तारखा लागून आल्या म्हणून कारण सिद्ध होत नाही. याच महिन्यात यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आमच्या कऱ्हाडात अजून म्हणतात. ते वाक्य पाठ असलेल्या मुलांनासुद्धा त्याच दिवसांत क्यूबा घडत होते हे कागदावर पाहूनच कळते.

परीक्षेत उत्तर लिहिताना तारखांची माळ लावू नका. एक निर्णय घ्या, त्या क्षणी काय माहीत होते ते लिहा, नंतर काय उघड झाले ते लिहा, मग मत द्या.

एक कागद नीट जमला की लगेच दुसरा घ्या: १९५६, हंगेरीचा उठाव आणि सुएझ कालव्याचा पेच, रकाने बुडापेस्ट, कैरो, लंडन आणि मॉस्को. बुडापेस्टमध्ये २३ ऑक्टोबरला उठाव झाला, २९ ला इस्रायलने सिनाईवर चाल केली, ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये परत शिरले. मधल्या दिवसांत मॉस्कोचे मत कसे पालटले ते निळ्या शाईने शोधा, आणि लंडन व पॅरिसने इस्रायलशी आधीच केलेला गुप्त करार लाल शाईने. त्यात दिल्लीचा रकाना वाढवायचा की नाही हे मी तुमच्यावर सोपवते, पण सुएझबद्दल नेहरू लगेच काय बोलले आणि हंगेरीबद्दल किती दिवसांनी काय बोलले, हे पाहिल्यानंतरच ठरवा.