रातांब्याचे झाड आणि आमसुलांची पुटे

रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकू लागतात ते एप्रिल-मे महिन्यांत. झाडावरचा बराचसा माल तांबडा होईपर्यंत मृग नक्षत्र जवळ येते. आमसुलांना, म्हणजे या फळांच्या वाळवलेल्या सालींना, सलग आठवडाभराचे कडक ऊन लागते, त्यामुळे या कामाचा खरा हिशेब फळांच्या संख्येपेक्षा उन्हाच्या दिवसांशी असतो. ज्यांच्या परसात किंवा बांधावर एकदोन झाडे आहेत, त्यांनी पहिली फळे तांबडी होताच काम सुरू करावे. सगळे झाड एकदम पिकेल अशी वाट पाहणाऱ्यांची निम्मी फळे पावसात कुजलेली मी पाहिली आहेत.

नवे झाड लावायचे असेल तर बियांपासून केलेले रोप टाळावे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, बियांच्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात आणि हे कळण्यासाठी पहिला फुलोरा येईपर्यंत सात-आठ वर्षे थांबावे लागते. त्याऐवजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातिस’ या जातींचे कलम पावसाच्या आरंभी लावावे. कलम घेताना ते सरळ उभे वाढणाऱ्या फांदीच्या काडीपासून बांधलेले आहे का, हे विचारून घ्यावे, कारण आडव्या फांदीच्या काडीचे कलम झुडपासारखे पसरत राहते आणि त्याला झाडाचा आकार येत नाही. कोकमाला सावली चालते, म्हणून नारळ-पोफळीच्या बागेतली मोकळी जागाही त्याला पुरते. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी आणि थोडा आडोसा द्यावाच लागतो.

रानातले किंवा गावच्या वहिवाटीतले रातांबे गोळा करणार असाल तर आधी जागेच्या मालकाला विचारावे आणि झाड ओरबाडू नये. खालच्या फांद्यांवरची पूर्ण तांबडी फळे हातांनी काढावीत, उंचावरच्या फळांसाठी खाली जुने लुगडे पसरून आकडीने फांदी हलकेच हलवावी. शेंड्यावरची फळे पाखरांना आणि माकडांना ठेवावीत.

आता मुख्य काम. फळे धुऊन, कोरडी करून मधोमध चिरावीत. आतला गर व बिया एका भांड्यात आणि साली दुसऱ्या भांड्यात अशी वाटणी करावी. फळ अतिशय आंबट असल्याने तांब्याचे, पितळेचे, लोखंडाचे किंवा अॅल्युमिनियमचे भांडे अजिबात वापरू नये. चिनी मातीची बरणी किंवा काचेचे भांडे उत्तम. गर आणि बिया यांच्या वजनाच्या दशांश मीठ त्यात घालून ढवळून ठेवले की काही तासांत गर्द रस सुटतो. साली बांबूच्या हातरीवर पसरून दिवसभर उन्हात सुकवाव्यात, संध्याकाळी त्या या रसात बुडवून रात्रभर ठेवाव्यात आणि सकाळी निथळून पुन्हा उन्हात घालाव्यात. यालाच पुट देणे म्हणतात. किमान चार पुटे द्यावीत, रस पुरत असेल तर पाचवेही द्यावे. एकदोन पुटांत उरकलेले आमसूल रंगाला फिके राहते आणि आमटीत टाकल्यावर आंबटपणा उतरायला मूठभर लागते. चार-पाच पुटांची दोन आमसुले कढईभर सारात पुरतात. बाजारातल्या आणि घरच्या आमसुलांत मला जाणवलेला सर्वांत मोठा फरक हाच आहे.

शेवटच्या पुटानंतर आमसुले वाकवली असता लवचीक राहावीत, पण दाबल्यावर बोटाला रस लागू नये. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून बरणी घट्ट झाकणाची असावी आणि हात घालायचा तो कोरडाच. वरची पांढरी झाक कडक आणि खारट असेल तर ते मीठ आहे. ती मऊ, लवदार असून तिला कुबट वास येत असेल तर ती बुरशी होय, आणि असा माल निवडत न बसता टाकून द्यावा.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करण्यासाठी ताज्या साली आणि गर यांचे थर बरणीत भरून किलोला 150 ते 200 ग्रॅम मीठ घालावे, आठवडाभर रोज कोरड्या लाकडी डावाने हलवावे आणि मग गाळून बाटल्या भराव्यात. हे मीठच आगळ टिकवते, त्यामुळे ते हात आखडून घालू नये. सोलकढी करताना वेगळे मीठ घालण्याआधी चव पाहिली म्हणजे झाले. सरबतासाठी एक किलो सालींना दोन किलो साखर थराथराने घालून, तोंडाला फडके बांधून बरणी उन्हात ठेवावी. साखर पूर्ण विरघळली की गाळून घ्यावे आणि जिरेपूड प्यायच्या वेळी घालावी.

रस निथळून उरलेल्या बिया फेकू नयेत. त्या धुऊन, राखेत चोळून खडखडीत वाळवाव्यात, वरचे टरफल फोडून आतला गर कुटावा आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळावा. वर तरंगणारे तेल पळीने काढून थंड होऊ दिले की ते पांढरट, घट्ट होते, हेच मुठेल. ते कोमट असतानाच मुठीत दाबून त्याचे लंबगोळे वळतात आणि कोरड्या डब्यात ठेवतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की गोळ्याचा तुकडा पळीत वितळवून कोमट असताना रात्री भेगांत भरावा आणि वर सुती कापड बांधावे.